चाकाखालचे लिंबू

नवी मोटार दारात आली की आपल्या सीमाभागातला मराठी माणूस चार गोष्टी न चुकता करतो. नारळ फोडतो, चारी चाकांखाली लिंबू ठेवतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि गल्लीभर पेढे वाटतो. पाचवी गोष्ट, जी खरे तर पहिली असायला हवी, ती मात्र तो करीत नाही. तो गाडी तपासत नाही. चेसिस क्रमांक कागदाशी ताडून पाहत नाही, मीटरवर किती किलोमीटर पडले आहेत ते वाचत नाही, विक्री-प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोणते लिहिले आहे तेही बघत नाही. शोरूममधला टाय लावलेला मुलगा जिथे बोट ठेवील तिथे सही करतो. गाडी सर्व दृष्टींनी समाधानकारक स्थितीत ताब्यात मिळाली, अशा अर्थाचा मजकूर त्या सहीच्या वर इंग्रजीत छापलेला असतो. हा कागद पुढे आपल्याच विरुद्ध वाचून दाखवला जाणार आहे, हे त्या पेढ्याच्या गोडीत कोणाच्या ध्यानात येत नाही.

गंमत अशी की अमेरिकेत सदोष निघालेल्या नव्या गाडीलाच 'लिंबू' म्हणतात. तिथल्या कनेक्टिकट राज्याने १९८२ साली अशा गाड्यांसाठी पहिला कायदा केला आणि त्याला नावच पडले 'लेमन लॉ'. नंतर तसे कायदे इतर राज्यांनीही केले. तपशिलात फरक आहेत, पण गाभा असा : ठरावीक मुदतीत तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण तीस दिवस गॅरेजमध्येच पडून राहिली, तर ती सदोष समजायची आणि कंपनीने ती परत घ्यायची. इंग्लंडात २०१५ च्या कायद्याने सदोष माल तीस दिवसांच्या आत सरळ नाकारण्याचा अधिकार ग्राहकाला दिला, त्यात मोटारही आली. आपल्याकडे मोटारीसाठी असा खास कायदा आजही नाही. आपण लिंबू चाकाखाली चिरडून इडापिडा टळली असे समजतो. खरे लिंबू त्याच्या वर उभे असते.

बरे, आपण भोळे आहोत म्हणावे तर तेही खरे नाही. बेळगावच्या खडे बाजारात आपल्या घरची बाई मडके घेते तेव्हा टिचकी मारून नाद ऐकते. शहापुरात साडी घेताना पदर उजेडात धरून धागा बघते, आणि घरी आल्यावर काठात गाठ दिसली तर दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून परत नेते. दुकानदार कुरकुर करील, पण बदलून देतो. आमच्या लहानपणी जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करीत, तरी घेणारा बैलाचे दात मोजल्याशिवाय आणि त्याला चार पावले चालवल्याशिवाय पैसे काढीत नसे. औताला जुंपून बघण्याची बोली होई. बैल औताला बसला तर दावे धरून परत. त्यात ना घेणाऱ्याला लाज होती, ना विकणाऱ्याला अपमान. वीस रुपयांचे मडके, दोन हजारांची साडी आणि एक मुके जनावर परत करणारा हा समाज आठ-दहा लाखांची मोटार परत करायची म्हटली की 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसतो. उलट गाडीला नजर लागली असेल म्हणून मागे काळी बाहुली बांधतो! गिअर अडकतो तो नजरेने नव्हे, हे आपल्या शाळेतला आठवीतला मुलगाही सांगेल.

या मौनाचे एक कारण आमच्या पिढीच्या हाडीमाशी मुरलेले आहे. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ आम्ही पाहिला. फियाट नाहीतर अ‍ॅम्बॅसेडर, यापलीकडे मोटारीत निवड नव्हती. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हा तिची किल्ली मिळणे हाच एक सन्मान होता. तुटवड्याच्या त्या दिवसांत ग्राहक हा याचक होता, आणि याचक दानाचा दात पाहत नाही. तुटवडा संपून तीस वर्षे होऊन गेली. आज डीलर आपल्या दारात येतो, फोनवर फोन करतो. पण किल्ली घेताना आपला हात अजून प्रसादासाठी पुढे करावा तसाच पुढे होतो.

दुसरे कारण मुहूर्त. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये गाड्यांची रांग लागलेली असते. प्रत्येकाला त्याच दिवशी, त्याच चौघडीत गाडी हवी असते. हार, रिबन, फोटो, पुढच्याची घाई. अशा गर्दीत गाडीखाली वाकून बघणारा माणूस अशुभ वाटतो. विक्रेत्याला यापेक्षा सोयीचा दिवस कोणता? जी गाडी वर्षभर आवारात उन्हापावसात उभी होती, तिचा खपण्याचा मुहूर्त तोच असतो. मुहूर्ताला माझा विरोध नाही. पूजा दसऱ्याला करा, पण गाडी आदल्या आठवड्यात, भर दुपारच्या उजेडात आणि नोंदणी होण्यापूर्वी बघा. एकदा तिच्यावर केए-२२ किंवा केए-२३ चढले, आजीवन कर भरला, की परतीची वाट दसपट अवघड होते, कारण मग केवळ गाडी नव्हे, कर, विमा आणि बँकेचा बोजा हे सगळेच परत फिरवावे लागते.

कायदा काय म्हणतो? १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यामागे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली उभी केलेली ग्राहक पंचायत आणि त्यानंतरच्या वर्षी मुंबईत स्थापन झालेली ग्राहक पंचायत यांच्या कामाचा मोठा वाटा होता. म्हणजे ही चळवळ मराठी मातीत वाढली आणि तिची फळे आपणच चाखत नाही. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तू परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे यालाच त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पावतीवरची ओळ सदोष मालाच्या बाबतीत आता कायद्याच्या विरुद्ध आहे. आयोगाला दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि वर नुकसानभरपाईचा आदेश देता येतो. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीचे प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि त्यावर दहा लाखांपर्यंत अवघे दोनशे रुपये. वकील सक्तीचा नाही.

पण कायद्याचे पुस्तक वाचून हुरळून जाऊ नये, कारण 'सदोष' हा शब्द सिद्ध करायचा असतो आणि खरी लढाई तिथे आहे. २००६ साली मारुती कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हमीपत्रात सदोष भाग बदलून देण्याचे वचन आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचे नाही. आणि गाडी बदलून देण्याचा खालचा आदेश टिकू दिला नाही. तेव्हापासून प्रत्येक डीलरचा वकील तो निकाल खिशात घेऊन फिरतो. त्याला दुसराही निकाल दाखवावा लागतो. २०१० साली फियाट गाडीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तंत्रज्ञाकडून तपासणीचा मार्ग धरला आणि मूळचाच उत्पादन-दोष निघाला तर गाडीची किंमत आणि भरलेला आजीवन कर १२ टक्के व्याजासह परत करावा, असे सांगितले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ उघड आहे. एखादा दिवा पेटत नाही म्हणून नवी गाडी मागाल तर हराल. इंजिनात जन्मजात खोट आहे आणि ती तटस्थ तज्ज्ञाने लिहून दिली आहे, तर तुमचे पैसे परत येऊ शकतात.

आणि आपल्या शेजारच्या गोव्यातले एक प्रकरण तर सीमाभागातील प्रत्येक गाडीवाल्याने पाठ करावे असे आहे. एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल मागितले, पैसे भरले. डीलरने टाटा कंपनीची जी गाडी दिली ती निघाली २००९ ची. मीटरवर ६२२ किलोमीटर पडलेले, खालच्या बाजूला गंज, अंगावर ओरखडे. ग्राहकाने ती नाकारली आणि नवी गाडी किंवा पैसे मागितले. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग तिन्ही ठिकाणी तो जिंकला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल आला : डीलरला दोषी धरणे योग्यच, परंतु कंपनी आणि डीलर यांचे नाते स्वतंत्र खरेदीदार-विक्रेत्याचे आहे, डीलरने केलेली फसवणूक कंपनीला ठाऊक होती असे तक्रारीत मांडले नाही आणि शाबीतही केले नाही, तेव्हा कंपनी जबाबदार नाही. जाहिरातीत कंपनीचे नाव, फलकावर कंपनीचे नाव, किल्लीच्या चामड्यावर कंपनीचे नाव. आणि फसवणूक झाली की डीलर कोण, आम्ही ओळखत नाही! न्यायालयाचा निकाल शिरसावंद्य, पण सामान्य माणसाला तो रुचणारा नाही हे लिहायला मला भीती वाटत नाही. व्यवहारापुरता त्यातून एवढाच बोध घ्यायचा की तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करावे आणि कोणी काय केले ते दोघांच्या नावावर वेगवेगळे, तारखांसह लिहावे. नुसते 'मला फसवले' लिहून भागत नाही.

आमच्याच शाळेतल्या एका सहकारी गुरुजींची गोष्ट सांगतो. पतसंस्थेचे कर्ज आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम घालून त्यांनी गाडी घेतली. तिसऱ्या आठवड्यात गिअर बदलताना खरखर सुरू झाली. चौदा महिन्यांत सात वेळा गाडी वर्कशॉपला गेली. सातही वेळा गुरुजींनी तोंडी तक्रार सांगितली आणि सातही जॉबकार्डांवर काउंटरच्या पोराने लिहिले, 'जनरल चेकअप'. शेवटी वकिलाकडे कागद गेले तेव्हा वकील म्हणाले, "गुरुजी, या कागदांवरून तुमची गाडी जिल्ह्यातली सर्वांत निरोगी गाडी आहे." मुलांच्या वहीत एक काना चुकला तरी लाल शाईने गोल करणारा हा माणूस, स्वतःच्या गाडीच्या कागदावर दुसऱ्याने काय लिहिले ते वाचत नव्हता. गाडी मोठा तोटा सोसून विकली. कर्जाचा हप्ता अजून पगारातून कापला जातो.

हे उदाहरण एकट्याचे नाही. जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत उतरली पाहिजे, नसेल तर सही करायची नाही, हा साधा हट्ट आपण धरत नाही. तोच दोष दुसऱ्यांदा आला की लेखी पत्र द्यायचे, पोच घ्यायची. गाडी वर्कशॉपमध्ये किती दिवस होती त्या तारखा लिहून ठेवायच्या. आणि दोष मोठा असेल तर गाडी हजारो किलोमीटर दामटत राहायचे नाही, कारण पुढे प्रश्न येतोच : गाडी सदोष होती तर एवढी चालली कशी? यातला काच मला कळतो. गाडी उभी ठेवली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. म्हणून तर दिरंगाई न करता पहिल्या दोन-तीन महिन्यांत कागद हलले पाहिजेत. कायद्याने मुदत दोन वर्षांची दिली आहे, ती पूर्ण वापरण्यासाठी नव्हे.

आता सीमाभागाचे खास दुखणे. निपाणीचा माणूस गाडी घेतो कोल्हापुरात, कारण कागल ओलांडले की कोल्हापूर. चंदगड-गडहिंग्लजचा माणूस घेतो बेळगावात. दोष निघाला की टोलवाटोलवी सुरू होते. इकडचा म्हणतो जिथे घेतली तिथे न्या, तिकडचा म्हणतो तुमच्या जिल्ह्यात दाखवा. दोन राज्यांमध्ये चेंडू होण्याची आपल्याला सवयच आहे म्हणा. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. तारीख पडणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु नव्या ग्राहक कायद्याने निदान या एका बाबतीत सीमा पुसली आहे. जुन्या कायद्यात जिथे विक्रेता असेल किंवा जिथे व्यवहार घडला तिथे जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. कोल्हापूरच्या डीलरला बेळगावात बोलावता येते आणि बेळगावच्या डीलरला कोल्हापुरात. किती जणांना हे ठाऊक आहे? माझ्या शिक्षकखोलीत विचारले, अकरांपैकी एकाला ठाऊक होते, तोही त्याचा मेहुणा वकील म्हणून.

भाषेचा अडसर पुढे केला जातो. कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत, आम्हाला काय कळणार? मला हे म्हणणे अर्धेच पटते. आपल्या भाषेसाठी आपण पिढ्यानपिढ्या झगडलो आणि तो झगडा योग्यच आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क दिला आहे, तो बजावलाच पाहिजे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. पण दुकानावरची पाटी कोणत्या भाषेत यावर रस्त्यावर उतरणारा आपला समाज दुकानातली पावती कोणत्याच भाषेत वाचत नाही, हे कसे? हमीपत्र इंग्रजीत असते आणि आपल्या घराघरात आज इंग्रजी माध्यमाची मुले आहेत. त्यांच्याकडून एकदा ते मोठ्याने वाचून घ्या. शेजारचा कन्नड बंधूही याच शोरूममध्ये असाच नाडला जातो. खरखरणाऱ्या गिअरबॉक्सला मातृभाषा नसते. त्याला बरोबर घेऊन गेलात तर आयोगापुढे कन्नड बोलणारा एक साक्षीदारही मिळेल.

निपाणीला तर हे परके वाटायला नको. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, गोळीबार झाला, शेतकरी प्राणाला मुकले. ते भांडण भावाचे आणि मापाचे होते. तंबाखूचे पोते फोडून, पान चोळून, वास घेऊन व्यापारी म्हणे, माल हलका आहे, इतकी सूट कापणार. माल तपासण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार व्यापाऱ्याने कधी सोडला नाही. त्याच शेतकऱ्याचा मुलगा आज गाडी घ्यायला जातो तेव्हा पान चोळून बघण्याचा तो अधिकार व्यापाऱ्याकडून शिकला का नाही?

डीलर मंडळींचे म्हणणेही ऐकले पाहिजे. गाडीत हजारो सुटे भाग, एखादा बिघडणारच. काही ग्राहक खड्ड्यात गाडी आपटून आणतात आणि कंपनीवर ढकलतात. हे खरे आहे. म्हणूनच तटस्थ तपासणी हवी, आणि इथेच व्यवस्था लंगडी आहे. प्रयोगशाळेत तपासणीची तरतूद कायद्यात आहे, पण तिचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगता येते. तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत, एरवी तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. गोव्यातल्या त्या ग्राहकाला २०११ पासून २०२१ उजाडले. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तिथे यंत्र-अभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. ठरावीक अल्प शुल्कात गाडी तपासून लेखी अहवाल देणारे एक पथक आयोगाच्या यादीवर का नसावे? आणि 'चार दुरुस्त्या किंवा तीस दिवस' असा स्पष्ट नियम आपल्याकडे का नसावा? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत मागवण्याची सक्ती आली, पण ती एका जातीच्या अनेक गाड्यांसाठी. एकट्यादुकट्याच्या नशिबी आलेल्या लिंबासाठी नाही. खासदार दोन्ही बाजूंचे आपल्याकडे मते मागायला येतात. त्यांना हा प्रश्न एकदा तरी कोणी विचारावा.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य आपण मुलांना बाळकडूसारखे पाजतो. ते वाक्य जमिनीच्या वाटण्यांवरून तीन पिढ्या धुळीला मिळालेल्या समाजाने केले होते. दोनशे रुपयांत, वकिलाशिवाय, आपल्याच जिल्ह्यात आणि आता घरी बसून संगणकावरूनही तक्रार दाखल करता येते अशा जागेला ते लावणे म्हणजे दवाखान्याला स्मशान म्हणणे होय. ज्यांना हे वाक्य सर्वांत जास्त उपयोगी पडते ते वाक्य न म्हणता शोरूममध्ये बसलेले असतात.

माझी एक सूचना आहे आणि ती आपल्या पतसंस्थांना आहे, कारण सीमाभागातल्या मध्यमवर्गाच्या अर्ध्या गाड्या त्यांच्याच पैशावर धावतात. कर्जाचा धनादेश डीलरच्या हाती पडतो तो संस्थेकडून. तो देण्यापूर्वी संस्थेने सभासदाकडून एक पानी तपासणीपत्र मागावे : चेसिस व इंजिन क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष, मीटरचा आकडा, खालची बाजू, टायरची तारीख, आणि हे सर्व नोंदणीपूर्वी पाहिल्याची सभासदाची व विक्रेत्याची सही. पत्र मराठीत आणि कन्नडात, दोन्ही भाषांत छापावे. खर्च काय, तर एका कागदाचा. एखाद्या संस्थेने येत्या वार्षिक सभेत असा ठराव आणायचे मनावर घेतले, तर दोन्ही भाषांतला मसुदा आमच्या शाळेतले मराठीचे आणि कन्नडचे शिक्षक मिळून आठ दिवसांत लिहून देतील. मी त्यांना विचारून ठेवले आहे.